दुखणं अंगावर काढू नका : म्हैसूरची तालीम, पुण्याची योगशाळा आणि माझा गुडघा



मागच्या भागात आपण श्रीरंगपट्टणच्या तटावर उभं राहून १७९९ च्या वेढ्याची गोष्ट ऐकली. तो भाग पाहून मला बरेच फोन आले. वाटलं होतं, लोक तोफांबद्दल विचारतील, खंदकाबद्दल विचारतील. पण निम्म्या लोकांनी एकच विचारलं, "कर्नलसाहेब, तटावरून उतरताना तुम्ही मध्येच उजवा पाय धरून का बसलात?"

तर आजचा भाग त्या उजव्या पायाचा आहे. पण माझा पाय हे फक्त निमित्त. ज्यांचं पोट शरीरावर चालतं, म्हणजे पैलवान, सैनिक, हमाल, योगशिक्षक, त्यांनी दुखण्याचं काय करायचं, या प्रश्नाला एक इतिहास आहे आणि त्यातला मोठा भाग मी राहतो त्या म्हैसूर शहरात घडलेला आहे. पुढे तो पुण्याला पोचतो. म्हणून मराठी माणसाने तो ऐकावा असं मला वाटतं.

आधी माझी हकिकत थोडक्यात. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. लहानपणी गावच्या तालमीत अंगाला माती लागलेली. पुढे इन्फन्ट्रीत अधिकारी झालो. कॅप्टन असताना उंच डोंगरातल्या एका पोस्टवर बर्फात पाय अडकला, अंग एकीकडे वळलं आणि गुडघा दुसरीकडे. 'कट्' असा आवाज मला स्वतःला ऐकू आला. चार दिवस सूज होती, मग उतरली. मी कोणाला सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? फौजेत तब्येतीची श्रेणी असते. सगळं ठीक असलेला माणूस 'शेप-वन'. गुडघ्याचं कागदावर आलं की श्रेणी खाली जाते आणि उंचावरच्या नेमणुका, कोर्सेस, कमांड, सगळ्यावर प्रश्नचिन्ह लागतं. हा नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. ज्याचा गुडघा दगा देईल त्याला डोंगरावर पाठवू नये, हे बरोबरच आहे. चूक माझी होती. दरवर्षीच्या तपासणीत मी उठाबशा हसत काढल्या आणि खोलीवर येऊन गोळी घेतली. आपल्याकडे याला सुंदर शब्द आहे : दुखणं अंगावर काढणं. मी ते वीस वर्षं अंगावर काढलं.

निवृत्तीनंतर मुलीच्या नोकरीमुळे आम्ही म्हैसूरला आलो, आणि इथे मला या विषयातली खरी माणसं भेटली. काही जिवंत, काही पुस्तकातली.

माती आणि हाडवैद्य

म्हैसूरचा दसरा सगळ्यांना माहीत आहे. हत्ती, अंबारी, दिव्यांनी उजळलेला राजवाडा. राजा वडियार यांनी १६१० मध्ये श्रीरंगपट्टणला हा उत्सव सुरू केला असं मानतात. पण विजयादशमीच्या सकाळी राजवाड्याच्या चौकात आणखी एक गोष्ट होते, ती फार थोड्यांना बघायला मिळते. तिचं नाव वज्रमुष्टी. डोकं तासलेले पैलवान समोरासमोर येतात. उजव्या मुठीत बोटांवर बसणारं टोकदार हत्यार असतं. कुस्तीही करायची आणि त्या मुठीने प्रहारही. आता एकाच्या डोक्यावर रक्त दिसलं की पंच लढत सोडवतात, त्यामुळे ती बऱ्याचदा मिनिटभरसुद्धा चालत नाही.

ही परंपरा म्हैसूरच्या दसऱ्याच्याही आधीची. सोळाव्या शतकात विजयनगरला आलेल्या दोन पोर्तुगीजांनी, डोमिंगो पायेस आणि फर्नाव नुनिस यांनी, तिथल्या महानवमीचं वर्णन करून ठेवलं आहे. नुनिस सांगतो की हे मल्ल हातात टोकं असलेली कडी घेऊन एकमेकांना जखमी करतात आणि जो जास्त जखमी होतो त्याला रेशमी वस्त्र मिळतं. पायेस सांगतो की दात पडतात, डोळे जातात आणि काहींना त्यांचे मित्र बेशुद्ध अवस्थेत उचलून नेतात. पुढे हैदर आणि टिपूच्या कैदेत दहा वर्षं काढलेला जेम्स स्करी नावाचा इंग्रज खलाशी सुटून गेला. १८२४ मध्ये छापलेल्या त्याच्या आठवणींतही श्रीरंगपट्टणच्या अशाच लढतींचं वर्णन आहे.

हे लढणारे म्हणजे जेट्टी. हा शब्द 'ज्येष्ठी'वरून आला असं सांगतात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला. त्यात मल्लविनोद म्हणून भाग आहे आणि मल्लांच्या प्रतवारीत सर्वांत वरचा तो 'ज्येष्ठिक'. म्हणजे आठ-नऊशे वर्षांपूर्वी आपल्या मुलखात पैलवानाची वयाप्रमाणे, अंगाप्रमाणे, ताकदीप्रमाणे प्रतवारी होत होती.

आता मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट. एडगर थर्स्टन याने १९०९ मध्ये दक्षिण भारतातल्या जातीजमातींवर सात खंड प्रसिद्ध केले. त्यात जेट्टींची नोंद आहे. ते पैलवान आहेत हे तर आहेच. पण ते तेल-मलम चोळून शिरांच्या दुखण्यावर इलाज करतात, असंही लिहिलं आहे. आणि तंजावरचे जेट्टी तेलुगू बोलतात, अशी एक ओळ आहे. 

विचार करा. मुठीने दुसऱ्याचं डोकं फोडणारा माणूसच मोडलेलं अंग चोळून सरळ करतो. हे विचित्र वाटतं, पण आपल्या तालमीतही तेच होतं. कोल्हापूर घ्या, सांगली घ्या, बेळगाव घ्या, गावातला हाडवैद्य बऱ्याचदा जुना पैलवान असायचा. कारण उघड आहे. खांदा निखळतो कसा हे ज्याने हजारदा पाहिलं, स्वतः भोगलं, त्याला तो बसतो कसा हेही कळतं. दुखापत हा त्या धंद्याचा भाग होता आणि म्हणून तिचं ज्ञानही त्या धंद्यातच साठलं.

म्हैसूरच्या तालमीला गरडी म्हणतात. नजरबाद, फोर्ट मोहल्ला अशा जुन्या वस्त्यांत अजून काही शिल्लक आहेत. ठेंगणा दरवाजा, आत मारुती, मध्ये लाल माती. तेल, हळद, ताक, लिंबू घालून मळलेली. वास अगदी आमच्या गावच्या तालमीचा. शेजारच्या गृहस्थांनी मला तिथल्या एका वयस्कर उस्तादांकडे नेलं. मी त्यांना 'गुरुगळे' म्हणायचो, ते मला 'सर'. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा : दुखतं म्हणजे कसं दुखतं? नोवु की उळुकु? नोवु म्हणजे दुखणं, उळुकु म्हणजे लचक, मुरगळा.

मी गप्प झालो. वीस वर्षांत हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. माझ्यासाठी दुखणं म्हणजे दुखणं, आणि त्याला उत्तर एकच, गोळी.

दुखण्याला मराठीत किती नावं?

घरी येऊन मी वही घेतली आणि आठवतील तेवढी नावं लिहिली. तुम्हीही आठवून बघा.

पहिल्या दिवशी दोनशे बैठका मारल्या की दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही, ती रग. पोटरीत येतो तो गोळा. पाठीत किंवा कमरेत भरते ती उसण. हालचालीत अचानक भरते ती चमक. उठते ती कळ. सुजेचा असतो तो ठणका, रात्री झोपू देत नाही. सांध्याला बसते ती लचक. आणि शेवटी मुंग्या आणि बधिरपणा. तिथे दुखणं कमी होतं म्हणून माणसाला बरं वाटतं, पण खरा धोका तिथेच असतो.

आपल्या आज्यांनी ही नावं उगीच वेगवेगळी ठेवली नाहीत. प्रत्येकाला वेगळी वागणूक आहे. रग व्यायामानेच जिरते. वस्ताद म्हणायचे, उद्या परत ये, मोकळा होशील. गोळा आला तर ताण द्या, चोळा. उसण भरली तर शेक आणि विश्रांती. ठणका आणि सूज असेल तर सांध्याला काम देऊ नका. एकाच जागी पुन्हा पुन्हा कळ येत असेल तर तिथे काहीतरी फाटलंय किंवा अडकतंय. आणि मुंग्या, बधिरपणा असेल तर वस्तादालाही विचारू नका, सरळ डॉक्टर गाठा.

गरडीतल्या उस्तादांनी माझ्या बाबतीत हेच केलं. गुडघा दोन्हीकडे हलवून पाहिला आणि म्हणाले, "सर, आत काहीतरी अडकतंय. तेलाने हे जायचं नाही. आधी फोटो काढून या." फोटो म्हणजे एक्स-रे. आजकाल सगळेच हाडवैद्य असं सांगत नाहीत. मोडलेलं हाड चोळून बिघडवलेल्या केसेस मी पाहिल्या आहेत. पण चांगला जाणकार कोण, तर ज्याला आपला हात कुठे थांबवायचा ते कळतं, एवढं मी त्या दिवशी शिकलो.

जगन्मोहन राजवाड्यातला मुलगा

आता त्याच राजवाड्याच्या दुसऱ्या दालनात येऊ.

नाल्वडी कृष्णराज वडियार, म्हणजे चौथे कृष्णराज, यांच्या आश्रयाने १९३३ मध्ये जगन्मोहन राजवाड्यात योगशाळा सुरू झाली. शिकवायला होते तिरुमलै कृष्णम्माचार्य. राजवाड्यात कुस्ती, व्यायाम आणि आसनं यांची परंपरा शेजारी शेजारी होती. नॉर्मन शोमन या अभ्यासकाने १९९६ मध्ये म्हैसूर राजवाड्याच्या योगपरंपरेवर पुस्तक लिहिलं. आज जगभर शिकवल्या जाणाऱ्या योगात इथल्या तालमीतल्या व्यायामाचाही वाटा आहे, असं त्याचं म्हणणं. तिसऱ्या कृष्णराजांच्या काळातल्या 'श्रीतत्त्वनिधी' या चित्रग्रंथात १२२ आसनं काढलेली आहेत आणि त्यातली काही सरळ तालमीतली वाटतात. शोमनच्या मतावर वाद आहे, पण गरडीतले जोर आणि योगातलं श्वानासन शेजारी ठेवून पाहा. तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

१९३४ मध्ये इथे एक पंधरा वर्षांचा मुलगा आला. कृष्णम्माचार्यांचा मेहुणा. कोलार जिल्ह्यातल्या बेळ्ळूरला, इन्फ्लुएंझाच्या साथीत, १४ डिसेंबर १९१८ ला जन्मलेला. लहानपणीच वडील गेले. मलेरिया झाला, टायफॉइड झाला, क्षय झाला. हातपाय काडीसारखे. या मुलाचं नाव बेळ्ळूर कृष्णम्माचार सुंदरराज अय्यंगार. आपण ज्यांना पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार म्हणून ओळखतो, ते.

योगशाळा चालायची तर लोकांना काहीतरी दिसायला हवं, म्हणून प्रात्यक्षिकं होत. अय्यंगारांनी पुढे स्वतःच सांगितलेली हकिकत आहे. एका प्रात्यक्षिकात गुरूंनी त्यांना हनुमानासन करायला सांगितलं, म्हणजे एक पाय पुढे, एक मागे, दोन्ही जमिनीला सपाट. शिष्याला ते येत नव्हतं. सुटायला म्हणून त्याने सांगितलं, चड्डी घट्ट आहे. गुरूंनी कात्री मागवली आणि ती दोन्ही बाजूंनी कापायला लावली. मग पळवाट राहिली नाही. मुलाने आसन केलं, मांडीमागचे स्नायू फाटले आणि पुढे बराच काळ त्याला नीट चालता येत नव्हतं.

यावर गुरूला दोष द्यायचा की काळाला, हा वाद मी करत नाही. फौजेत मीही असे उस्ताद पाहिले आहेत आणि कधी कधी स्वतःही तसा वागलो आहे. मला बघायचं आहे ते पुढे काय झालं.

पुण्याची दहा-दहा तास

१९३६ च्या कर्नाटक दौऱ्यात बेळगावला सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांनी हे प्रात्यक्षिक पाहिलं. निवृत्त होऊन ते पुण्याला आले आणि त्यांनी सहा महिन्यांसाठी एक शिक्षक मागवला. थोडं इंग्रजी येतं म्हणून अय्यंगारांना पाठवलं. १९३७ साल. वय अठरा. मराठीचा गंध नाही. शिकवायचं डेक्कन जिमखान्यावर आणि कॉलेजच्या मुलांना. ती मुलं वयाने मोठी, अंगाने दणकट. अशक्त शिक्षकाला हसायची.

या माणसाजवळ तीनच गोष्टी होत्या : दुखरं शरीर, अर्धवट मिळालेलं शिक्षण आणि भूक. कित्येक दिवस नळाचं पाणी पिऊन काढले, असं त्यांनी सांगितलं आहे. डॉ. गोखले व्याख्यान द्यायचे, हाडं-स्नायू समजावायचे आणि अय्यंगार आसन करून दाखवायचे. एका डॉक्टरच्या शेजारी उभं राहून त्यांना आपल्याच शरीराचा नकाशा कळत गेला. दिवसाला दहा-दहा तास सराव चालायचा.

इथे माझ्यात आणि त्यांच्यात फरक पडतो. दुखत असताना काम दोघांनीही केलं. मी दुखण्याकडे पाठ फिरवून केलं, त्यांनी त्याच्याकडे तोंड करून केलं. उजव्या बाजूला दुखतं आणि डाव्या बाजूला नाही, तर दोन बाजूंत फरक काय? टाच बाहेर वळली तर गुडघ्याला काय होतं? हात जमिनीला पोचत नसेल तर जमीन वर आणता येईल का? त्यातून विटा आल्या, पट्टे आले, दोऱ्या आल्या, खुर्च्या आल्या. अय्यंगार पद्धतीची जी साधनं आज जगभरच्या वर्गात दिसतात, ती धडधाकट माणसासाठी फार गरजेची नाहीत. ती न वाकणाऱ्या, दुखणाऱ्या, म्हाताऱ्या शरीरासाठी आहेत.

१९६६ मध्ये 'लाइट ऑन योगा' आलं, १९७५ मध्ये पुण्यात रमामणी अय्यंगार स्मृती योगसंस्था उघडली. हे सगळं तुम्हाला माहीत असेल. मला त्यानंतरची गोष्ट जास्त जवळची वाटते, कारण ती साठीनंतरची आहे.

डिसेंबर १९७८ ला त्यांची साठी झाली. गुरूंनी सल्ला दिला, आता शरीराला कमी ताण दे, ध्यानाकडे वळ. त्यांनी ऐकलं. काही महिन्यांतच शरीर आखडलं, असं ते सांगत. आणि १९७९ मध्ये स्कूटरचा अपघात झाला. काही महिन्यांनी दुसरा. खांदे, पाठीचा कणा, गुडघे, सगळ्याला मार. ज्याची आसनांची छायाचित्रं बघून जग शिकत होतं, त्या माणसाला साध्या हालचाली जमेनात.

त्यांनी नवशिक्यासारखी सुरुवात केली. दुसऱ्यांसाठी बनवलेल्या विटा आणि पट्टे आता स्वतःसाठी वापरले. कित्येक वर्षं लागली आणि पूर्वीचं सगळं परत आलं नाही. पण ऐंशी उलटल्यावरही रोजचा सराव सुटला नाही. २० ऑगस्ट २०१४ ला ते गेले तेव्हा पंच्याण्णव वर्षांचे होते. त्यांचे गुरू कृष्णम्माचार्य यांचंही तसंच. नव्वदी उलटल्यावर पडून कंबरेचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया नाकारली आणि अंथरुणात पडल्या पडल्या करायचे व्यायाम स्वतः ठरवले. शस्त्रक्रिया नाकारा असं मी कोणाला सांगत नाही. त्यांना आपलं शरीर शंभरीपर्यंत पाठ होतं, तुमचं-माझं तसं नाही.

आपल्या खाशाबा जाधवांची आठवण इथे काढायलाच हवी. १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं. शोहाची इशी या जपानी मल्लाशी दमवणारी कुस्ती हरल्यावर, विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभं राहावं लागलं. त्यांच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं. आणि पुढच्या ऑलिम्पिकआधी गुडघ्याच्या दुखापतीने त्यांची वाट अडवली. किती ताकदीचा माणूस! पण बाजूने बोलणारा आणि दुखापत सांभाळणारा माणूस नसेल तर ताकद किती पुरणार?

जे अजून सांगायचं राहिलं

आता ज्यासाठी मी हा भाग केला ते सांगतो. घरातही हे फारसं बोललो नाही.

मी कंपनी कमांडर होतो तेव्हा माझ्याकडे सांगली बाजूचा एक हवालदार होता. नाव घेत नाही. पैलवानी अंग, कान मोडलेले, मोर्टारची बेसप्लेट पाठीवर टाकून सगळ्यांच्या पुढे चढणारा. एकदा चढणीवर त्याच्या कमरेत उसण भरली. त्याने कोणाला सांगितलं नाही. मग पायात मुंग्या यायला लागल्या. तेही सांगितलं नाही. चार महिन्यांनी त्याचं पाऊल उचलेनासं झालं, तेव्हा कळलं. मणक्यातली शीर दबून बराच काळ गेला होता. ऑपरेशन झालं, पण पाऊल पूर्ण सुधारलं नाही. तो वेळेआधी घरी गेला.

इस्पितळात मी त्याच्यावर रागावलो. म्हणालो, "वेड्या, सांगितलं का नाहीस?" तो खाली बघत म्हणाला, "साहेब, तुम्हीपण गुडघ्याचं कुठं सांगता?"

त्याला माहीत होतं. सगळ्या कंपनीला माहीत होतं. मी जिना उतरताना कठडा धरतो हे जवानांनी कधीच पाहिलं होतं. आणि त्यातून त्यांनी शिकायचं ते शिकलं होतं : आपले साहेब सांगत नाहीत, म्हणजे मर्दाने सांगायचं नसतं. माझा गुडघा माझा आहे, भोगतो मी, कोणाचं काय जातं, असं मी समजत होतो. पण त्याची किंमत एका घरातल्या कमावत्या माणसाने दिली.

म्हणून मंडळी, तुम्ही मुकादम असाल, वस्ताद असाल, क्रीडाशिक्षक असाल, कारखान्यात फोरमन असाल, तर तुमचं दुखणं तुम्ही कसं वागवता हे तुमच्या हाताखालची माणसं रोज बघत असतात. तुम्ही सांगितलं तर तीही सांगतील.

माझं काय झालं? फोटो काढला. कूर्चा झिजलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, सांधा बदलायची घाई नको, मांडीचे स्नायू बळकट करा. आता रोज सकाळी भिंतीला टेकून, विटेवर हात ठेवून, पट्टा बांधून तासभर सराव करतो. गुडघा पूर्वीसारखा होणार नाही. तट चढता येतो, उतरताना मध्ये बसावं लागतं. आता मी बसतो, कॅमेरा चालू असला तरी.

त्या हवालदाराला गेल्या दिवाळीला फोन केला होता. शेती बघतो, नातवाला तालमीत घालतो म्हणाला. मी म्हटलं, "पोराला एक शिकव. रग असेल तर खेळ, मुंग्या आल्या तर बोल." तो हसला आणि म्हणाला, "साहेब, ते शिकवलंय. तुमचा गुडघा कसा आहे ते आधी सांगा."

मी सांगितलं. उजवा, आतल्या बाजूला, उतरताना कळ येते.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.